बँडच्या चालीवर देवीची स्तुती

कर्नाटक संगीत शिकणाऱ्या लहान मुलांना सुरुवातीच्या दिवसांत एक छोटी संस्कृत रचना शिकवतात, ‘संततं पाहिमाम्’. संगीताची देवी श्यामला, तिची ही प्रार्थना. कागदावरचे शब्द वाचले तर त्यात वेगळं काही जाणवत नाही. आपल्या ओळखीच्या कुठल्याही स्तोत्रासारखेच ते आहेत. पण कुणी ते गाऊ लागलं की पहिल्या ओळीतच कान टवकारतात. ही तर ‘गॉड सेव्ह द किंग’ची चाल! लंडनच्या राजवाड्यासमोर बँडवर वाजते तीच.

हे शब्द रचणारा माणूस कोण, हे कळलं की आश्चर्य आणखी वाढतं. मुत्तुस्वामी दीक्षितर. त्यागराज आणि श्यामाशास्त्री यांच्यासह कर्नाटक संगीताच्या ‘त्रिमूर्तीं’मध्ये गणले जाणारे. यांच्या रचना म्हणजे संथ, भारदस्त, शास्त्राला धरून असलेल्या. श्रीविद्येचे उपासक, तरुणपणी गुरूंबरोबर काशीला जाऊन तिथे काही वर्षं राहिलेले, तिथल्या हिंदुस्थानी संगीताचा ठसा कानात घेऊन परतलेले. आपला जयजयवंती त्यांच्याकडे द्विजावंती होऊन आला तो या प्रवासाच्या खुणा घेऊनच. अशा माणसाने परक्या राजाच्या गौरवगीतावर देवीची स्तुती बांधली, आणि हे एकदा नव्हे, अशा जवळजवळ 40 रचना केल्या. त्यांना ‘नोट्टुस्वर’ म्हणतात.

हे घडलं कसं? दीक्षितरांचे वडील रामस्वामी दीक्षितर हे स्वतः मोठे संगीतकार. मद्रासजवळच्या मणलीच्या जमीनदारांनी त्यांना आश्रय दिला आणि कुटुंब तिथे राहायला आलं. या जमीनदार घराण्याचा ईस्ट इंडिया कंपनीशी संबंध होता. घरातले वेंकटकृष्ण मुदलियार कंपनीचे दुभाष्ये होते. त्यांच्यामुळे दीक्षितर बंधूंना फोर्ट सेंट जॉर्ज या किल्ल्यात गोऱ्यांचा बँड ऐकायला मिळाला. त्या काळी परदेशी संगीत ऐकायला दुसरा मार्गच नव्हता. ना तबकडी, ना रेडिओ. जे काही ऐकायचं ते वाजवणाऱ्याच्या समोर उभं राहून, आणि लक्षात ठेवायचं ते तिथल्या तिथे.

त्या बँडने काय काय वाजवलं असेल याचा अंदाज आज आपल्याला या नोट्टुस्वरांवरूनच बांधता येतो. अभ्यासकांनी एकेक चाल ओळखून काढली आहे. मदुरेच्या मीनाक्षीची स्तुती ‘वंदे मीनाक्षि’ ही आयर्लंडच्या ‘लिमरिक’ या चालीवर. ‘शक्तिसहित गणपतिम्’ ज्या चालीवर आहे ते एक फ्रेंच गाणं. त्यात एका तरुणीला नाचायला येण्याची विनंती आहे. सुब्रह्मण्याच्या एका स्तुतीत ‘ब्रिटिश ग्रेनेडियर्स’ या पलटणीच्या कूचगीताची पावलं ऐकू येतात. सुब्रह्मण्य म्हणजे स्कंद; देवांच्या या सेनापतीला ही चाल शोभते खरी. आणि ‘श्यामले मीनाक्षि’ तर आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे, कारण तिची चाल ‘ट्विंकल ट्विंकल’ची. मूळची ती फ्रेंच, अठराव्या शतकातली. मोझार्टने तिच्यावर पियानोसाठी बारा रूपं रचली. म्हणजे जवळजवळ एकाच काळात एकच सूर तिकडे व्हिएन्नात आणि इकडे तमिळ मुलखात दोन थोर संगीतकारांच्या हाती पडला, आणि दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता.

मला सगळ्यात थक्क करते ती भैरवाची स्तुती, ‘पीतवर्णं भजे’. तिची चाल अभ्यासक ‘ताज़ा ब ताज़ा’ या फारसी गाण्याशी जोडतात. हे गाणं हिंदुस्थानातल्या दरबारांतून आणि कोठ्यांवरून गाजलेलं. मग ते गोऱ्यांच्या मैफलीत कसं गेलं? तर अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या साहेबांच्या बायकांना हिंदुस्थानी चाली गोळा करण्याची हौस लागली होती. लखनऊला सोफिया प्लाउडन नावाच्या बाईंनी खानमजान या नामवंत गायिकेकडून ऐकलेल्या चाली लिहून काढल्या. 1789 साली कलकत्त्यात विल्यम हॅमिल्टन बर्ड याने अशा चालींचं पुस्तकच छापलं, हार्पसिकॉर्डवर वाजवता याव्यात म्हणून. चाली दोन्ही बाजूंनी जात-येत होत्या. इराणी शब्द, हिंदुस्थानी गळे, इंग्रजांची वाद्यं, आणि शेवटी संस्कृत स्तोत्र: एवढा वळसा घालून एक चाल भैरवाच्या पायाशी आली.

आता या चाली कर्नाटक संगीतात इतक्या सहज कशा बसल्या, हे समजून घेण्यासाठी घरातली हार्मोनियम पुरे. पांढरी एकला सा धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्यांवरून वरच्या सापर्यंत जा. सगळे स्वर शुद्ध. हिंदुस्थानीत हा बिलावल थाट, कर्नाटकात 72 मेळांपैकी 29वा, धीरशंकराभरणम्, आणि युरोपात मेजर स्केल. तिन्ही परंपरा आपापल्या वाटेने या एकाच स्वरसमूहापाशी पोचल्या होत्या. दीक्षितरांच्या कानाला बँडचे स्वर परके वाटलेच नसणार. परकं वाटलं असेल ते स्वरांचं वागणं. शंकराभरणम् रागात स्वर जागच्या जागी फारसा उभा राहत नाही. तो झुलतो, शेजारच्या स्वराला स्पर्श करून येतो, घसरत उतरतो. या गमकांतच रागाचा जीव. बँडचा स्वर मात्र सरळ, खणखणीत, आपल्या जागी घट्ट. दीक्षितरांनी तो तसाच ठेवला. त्यावर गमकांचा साज चढवला नाही, आलापाला वाव ठेवला नाही. एवढ्या मोठ्या रागदारीच्या जाणकाराने हात आवरता घेतला, हे मला त्यांच्या प्रतिभेचं फार मोठं लक्षण वाटतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडून दिली. बँडमध्ये एकाच वेळी तीन-चार वेगवेगळे सूर चालतात: वरची वाद्यं चाल वाजवतात आणि खालची तिला आधार देत स्वतःच्या वाटेने जातात. या स्वरमेळावर युरोपची सारी इमारत उभी. दीक्षितरांनी त्यातली फक्त वरची ओळ उचलली. आपल्या संगीतात एका वेळी एकच ओळ चालते, तेव्हा बाकीची इमारत त्यांच्या कामाची नव्हती. एखाद्या संगीताने दुसऱ्याकडून काय घेतलं यापेक्षा काय ऐकूनही मागे ठेवलं, हे तपासलं की त्या संगीताचा स्वभाव जास्त स्पष्ट कळतो.

आणि शब्द? ते भाषांतर नाही. मूळ गाण्यातला राजा, सैनिक, नाचणारी तरुणी यांतलं काहीही संस्कृतात आलेलं नाही. दीक्षितरांनी चालीतले लांब स्वर ओळखून तिथे दीर्घ अक्षरं बसवली, आखूड जागी ऱ्हस्व. ‘गॉड सेव्ह द किंग’ची घडण पाहा: तीन-तीन ठोक्यांचे गट, पहिल्या भागात असे सहा गट, दुसऱ्या भागात आठ. दादऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानांना तीनचं झुलणं ओळखीचंच, पण सहा आणि आठ हा तोल निराळा. त्या मापात संस्कृत बसवायचं, आणि तेही मुलांच्या तोंडी सहज रुळेल असं. मराठी नाटकवाल्यांना हे कसब माहीत आहे. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या दुसऱ्याच गाण्याचं नाव छापलेलं असे, कधी लावणीचं, कधी ठुमरीचं, कधी कानडी पदाचं. नाटककार चाल आधी ऐके आणि मग तिच्यावर शब्द बांधी.

काही जण आज ‘संततं पाहिमाम्’कडे बंड म्हणून पाहतात: इंग्रजांच्या राजाला खाली उतरवून दीक्षितरांनी तिथे देवीला बसवलं, असं. मला तसं म्हणायला आधार दिसत नाही. ही चाल तेव्हा जगभर अशीच फिरत होती. 1745 साली ती लंडनच्या नाट्यगृहांतून गाजली आणि मग प्रशियाने, रशियाने, स्वित्झर्लंडने तिच्यावर आपापल्या राष्ट्राचे शब्द चढवले. अमेरिकेत 1831 साली तिच्यावर देशभक्तीचं गीत झालं. लिश्टेनश्टाइन या चिमुकल्या देशाचं राष्ट्रगीत आजही याच चालीवर आहे, त्यामुळे त्यांचा इंग्लंडशी फुटबॉलचा सामना झाला की एकच चाल लागोपाठ दोनदा वाजते. या सगळ्यांनी राजाच्या जागी राजा किंवा देश ठेवला. संगीताच्या देवतेलाच त्या चालीवर बसवायचं सुचलं ते दीक्षितरांना.

या गोष्टीचं आपलं म्हणून एक दालन आहे, आणि त्याविषयी महाराष्ट्रात फार कमी बोललं जातं. त्रिमूर्तींतले तिघेही तिरुवारूरला जन्मले, आणि तिरुवारूर तेव्हा तंजावरच्या मराठा राज्यात होतं. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात स्थापलेलं हे राज्य. दीक्षितरांचे समकालीन तंजावरचे राजे सरफोजी दुसरे, 1798 ते 1832 या काळात गादीवर. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली ते शिकले. त्यांच्या पदरी पाश्चात्त्य बँड होता आणि सरस्वती महाल ग्रंथालयात युरोपीय संगीताच्या स्वरलिपी जमा झाल्या. राज्याचा कारभार 1799 च्या तहाने कंपनीच्या हाती गेला होता; राजांनी आपलं मन विद्येत आणि कलेत घातलं. त्यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं मराठी नाटक लिहिलं. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात भटकी कुरत्ती येऊन भविष्य सांगते. सरफोजींची कुरत्ती मात्र पृथ्वीचा भूगोल गाऊन सांगते: खंड, देश, पर्वत, नद्या. तमिळ साचा, मराठी भाषा आणि युरोपकडून आलेलं ज्ञान. असं नाटक मराठीत आहे, हे शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं.

मराठी कीर्तनही याच वाटेने दक्षिणेत रुजलं. त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ यांच्या दरबारात तंजावरहून गेलेले मराठी कीर्तनकार मेरुस्वामी होते. त्या प्रभावातून राजांनी कुचेल आणि अजामिळ यांची आख्यानं संगीतात रचली. तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाची घडी आणि कर्नाटक संगीत एकत्र आणून हरिकथेला नवं रूप दिलं. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद त्यांच्या तमिळ निरूपणात आले आणि तिथेच राहिले. आज चेन्नईच्या मार्गळी महोत्सवात अरुणा साईराम किंवा रंजनी-गायत्री मैफलीच्या शेवटाकडे अभंग घेतात, तेव्हा मराठीचा गंधही नसलेले श्रोते विठ्ठलाच्या नावावर ताल धरतात. या तिन्ही गायिका मुंबईत वाढल्या, हा एक भाग. पण ते ऐकायची जागा तंजावरने दोनशे वर्षं आधीच करून ठेवली होती.

बँडने आणखी एक वस्तू मागे ठेवली: व्हायोलिन. मुत्तुस्वामींचे धाकटे भाऊ बालुस्वामी ते एका युरोपीय वादकाकडून शिकले आणि कर्नाटक संगीतात घेऊन आले. युरोपात वादक उभा किंवा खुर्चीवर बसून व्हायोलिन हनुवटीखाली धरतो. इथे वादकाने मांडी घातली, वाद्याचं एक टोक छातीशी टेकवलं आणि दुसरं, गुंडाळीचं टोक, उजव्या पावलावर ठेवलं. एवढा बदल, पण त्याने सगळं पालटलं. वाद्य दोन्हीकडून टेकलेलं असल्याने डाव्या हातावर त्याचा भार उरला नाही, तो तारेवरून मोकळेपणाने वरखाली घसरू लागला, आणि ज्या गमकांपासून नोट्टुस्वर दूर राहिले ती सगळी गमकं त्या परदेशी वाद्यातून निघाली. तारांचं जुळवणंही बदललं: सा-प-सा-प. दीक्षितरांचे शिष्य वडिवेलू यांना 1834 साली स्वाती तिरुनाळांनी हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. आज व्हायोलिनच्या साथीशिवाय कर्नाटक गायनाची मैफल कल्पनेतही येत नाही.

दीक्षितर 1835 साली एट्टयपुरम् इथे वारले. पुढे 1893 साली मद्रासचे चिन्नस्वामी मुदलियार यांनी उलट काम केलं: कर्नाटक रचना युरोपीय स्वरलिपीत लिहून छापल्या. दीक्षितर घराण्यातल्या सुब्बराम दीक्षितरांनी 1904 साली आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यामागे या मुदलियारांचा आग्रह होता. अलीकडे सिनसिनाटीत राहणारे संगीतकार कण्णिकेश्वरन यांनी नोट्टुस्वरांचा अभ्यास करून ते ध्वनिमुद्रित केले, त्यामुळे आता ते सहज ऐकायला मिळतात.

तेव्हा एवढं करा. आधी ‘संततं पाहिमाम्’ ऐका, आणि लगेच त्याच दीक्षितरांची शंकराभरणम् रागातली ‘अक्षयलिंग विभो’ ही कृती लावा. दोन्हींत स्वर तेच सात आहेत.