नव्वद नंबरपासून बोटाच्या पेरापर्यंत

1998 साली मी जुनी जिप्सी घेतली, तेव्हा नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या गल्लीत एकच शब्द पुरायचा : 'नव्वद नंबर'. गिअरबॉक्सला नव्वद, ट्रान्स्फर केसला नव्वद, पुढच्या-मागच्या डिफरेन्शिअललाही नव्वदच. कुठलं ग्रेड, असं ना दुकानदार विचारायचा ना आम्ही.

हिशेब चुकला 2005च्या पावसाळ्यात. ताम्हिणीच्या अलीकडे एका ओढ्यातून गाडी काढली, पाणी हबच्या वर होतं. घाट चढून तापलेलं हाउसिंग गार पाण्यात एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदर बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. महिन्याभरात पन्नासच्या वेगाला मागून घूं-घूं सुरू झाली. कुणीतरी 140 नंबर घालायला सांगितलं. दाट ऑइलनं आवाज दबला, झीज चालूच राहिली.

शेवटी मागचा प्लग उघडायला घेतला, तर त्याच्या खाचेत चिखल वाळून दगड झालेला. गॅरेजच्या सर्व्हिसिंग कार्डावर मात्र डिफरेन्शिअल तपासल्याची खूण होती. ऑइल दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं निघालं. बेअरिंग आणि क्राउन-पिनियन दोन्ही बदलावे लागले. त्या दिवसापासून प्लग मी स्वतः उघडतो.

पद्धत सोपी आहे. गाडी सपाट जागी लावायची, ऑइल निवू द्यायचं. आधी वरचा, भरायचा प्लग सैल करायचा. तो निघालाच नाही आणि खालचा आधी उघडला, तर ऑइल सांडून बसतं आणि भरायला वाट राहत नाही. मग भोकातून करंगळी आत घालून पेर खाली वाकवायचं. बहुतेक गाड्यांत ऑइल भोकाच्या खालच्या काठाला लागलं पाहिजे. बोट बाहेर काढून रंग बघायचा, वास घ्यायचा, दोन बोटांत चोळायचं. चुंबकाच्या प्लगवर मऊ राखाडी लेप असेल तर ती रोजची झीज; टोचणारा तुकडा लागला तर गाडी उघडायची वेळ आली.

ऑइलची निवड मला पुढे हळूहळू कळत गेली. डिफरेन्शिअलमधल्या हायपॉइड गिअरचे दात एकमेकांवर दाबले जातात आणि त्याच वेळी घासत सरकतातही. ही झळ सोसायला गंधक-फॉस्फरसची पुटं देणारं जीएल-5 लागतं. गिअरबॉक्सच्या सिंक्रोच्या पितळी रिंगांना मात्र तीच रसायनं बाधू शकतात, म्हणून तिथं बऱ्याचदा जीएल-4 सांगितलेलं असतं. एकाच डब्यातून दोन्हीकडे ओतणं ही आमची जुनी चूक होती.

80डब्ल्यू-90 मधला पहिला आकडा थंडीतल्या वाहण्याचा, दुसरा तापल्यावरच्या दाटपणाचा. पुण्यात पारा शून्याखाली जात नाही, त्यामुळे इथं 75 की 80 यानं फारसं बिघडत नाही. लडाखला निघालात तर 75डब्ल्यू-90 बरं.

2018च्या अखेरीस जिप्सीचं बुकिंग थांबलं, 2020च्या 2 ऑक्टोबरला नवी थार आली, 2021 मध्ये आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची नवी गुरखा पुढे-मागे दोन्हीकडे डिफरेन्शिअल लॉक घेऊन आली. गाड्या बदलल्या, तशी ऑइलची गरजही गाडीगणिक वेगळी. ज्या लिमिटेड स्लिप डिफरेन्शिअलमध्ये क्लच प्लेटा असतात, त्यात घर्षण सांभाळणारी खास भर घातलेलं ऑइल लागतं; नाहीतर वळणावर गाडी थरथरते. 'नव्वद नंबर' एवढ्यावर आता भागत नाही. मॅन्युअलमधलं ऑइलचं पान उघडून, त्यात लिहिलेलंच आणायचं.

पावसाळा सरला, की दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी गाडीखाली चटई टाकतो. पुढचा प्लग, मागचा प्लग, ट्रान्स्फर केस, दोन्ही ब्रीदर. ऑइल स्वच्छ, सोनेरी-तपकिरी दिसलं की प्लग घट्ट करतो आणि हात पुसून मंडईत झेंडू आणायला निघतो.