व्हिटॅमिन डीचा रिपोर्ट : हा आकडा नेमका कशाचा?

मागच्या व्याख्यानानंतर सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते हेच, "माझं डी २४ आलंय, रिपोर्टवर ‘कमी’ लिहिलंय, आता काय?" तर आज आपण या २४ कडेच बघू या.

उन्हामुळे त्वचेत तयार झालेलं किंवा गोळीतून पोटात गेलेलं डी यकृतात पोचलं की त्याचं २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी होतं. पुढे मूत्रपिंडात त्यापासून १,२५-डायहायड्रॉक्सी हे प्रत्यक्ष काम करणारं रूप बनतं. मग तेच का मोजू नये? कारण ते रक्तात काही तासच टिकतं. शिवाय डी कमी पडायला लागलं की पॅराथायरॉइड ग्रंथी मूत्रपिंडाला जास्त कामाला लावते, म्हणजे साठा संपत आला तरी हा आकडा नॉर्मल दिसतो, कधी वाढलेलासुद्धा! २५-हायड्रॉक्सीची पातळी निम्म्यावर यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून साठा कळतो तो त्यावरूनच. किडनीच्या आजारासारखी खास कारणं सोडली तर आपल्याला हीच तपासणी हवी.

एककही बघा. आपल्याकडे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, ब्रिटनमध्ये नॅनोमोल प्रति लिटर. आईचे इथले २० आणि लेकीचे लंडनचे ५० हे जवळजवळ सारखेच.

पद्धतीचाही फरक पडतो. रक्तात हे डी एका प्रथिनाला घट्ट चिकटलेलं असतं, ते आधी सोडवावं लागतं, आणि प्रत्येक किट ते सारखंच सोडवतं असं नाही. त्यामुळे एकाच माणसाचा आकडा दोन लॅबमध्ये वेगळा येऊ शकतो. मास स्पेक्ट्रोमेट्री जास्त भरवशाची, पण महाग.

आता ‘कमी’ कुणी ठरवलं? अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने बहुतेकांना २० पुरतात असं म्हटलं. तिथल्याच एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये ३० ची रेघ ओढली. याच सोसायटीने २०२४ मध्ये ती रेघ मागे घेतली आणि निरोगी प्रौढांनी सरसकट तपासणी करू नये असंही सांगितलं. रिपोर्टांवर मात्र ३० अजून छापून येतात.

म्हणून २४ बघून कुणी आपल्या मनानेच ६०,००० युनिटची पुडी महिनोन्महिने घेत राहिलं, तर आम्हाला खरी काळजी त्याची वाटते. हे व्हिटॅमिन चरबीत साठतं. अतिरेक झाला की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते.

हाडं दुखणं, फिटची औषधं, आतड्याचे आजार असतील तर तपासणी जरूर करावी. डॉक्टरांनी उपचार दिले असतील तर पुन्हा रक्त साधारण तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये द्यावं. उपाशीपोटी जायची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर ते मात्र आधी सांगा, काही किटमध्ये त्यामुळे आकडा खोटाच वाढलेला येतो.