एका वेळी एकच मूल

इंग्रजीची शिकवणी म्हटलं की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर येतं. चाळीस मुलं दाटीवाटीनं बसलेली, फळ्यावर टेन्सचा तक्ता, झेरॉक्स केलेल्या नोट्स आणि परीक्षा जवळ आली की 'इम्पॉर्टंट' निबंधांची यादी. मी सांगलीत गेली वीस-बावीस वर्षं शिकवणी घेते, पण माझ्याकडे एका वेळी एकच मूल असतं. आठवड्यातून दोनदा, तासभर. विषयही दोनच, वाचणं आणि लिहिणं.

"एकच मूल? मग परवडतं कसं?" हा मला विचारला जाणारा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर सोपं आहे, फारसं परवडत नाही. दुसरा प्रश्न आयांचा असतो. "एकट्याला तासभर एवढं काय शिकवता हो?" त्याचं उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवं.

वाचता येतं म्हणजे काय?

आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. म्हणजे आज दहावीला बसणारं मूल दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. तरीही पत्र लिहायचं म्हटलं की त्याचा हात थबकतो. 'प्रथम' संस्थेचे 'असर' अहवाल २००५ पासून निघतात. त्यांचे कार्यकर्ते खेडोपाडी घरी जाऊन एकेका मुलाला समोर बसवून वाचायला लावतात. इंग्रजीच्या चाचणीत आधी मोठी अक्षरं, मग लहान अक्षरं, मग सोपे शब्द आणि शेवटी साधी वाक्यं असतात. २०२२ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या साधारण चौघांपैकी एकालाच ती साधी वाक्यं वाचता आली होती.

पण मला त्या चाचणीतला पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. वाक्य वाचून झालं की मुलाला त्याचा अर्थ विचारतात. वर्गात हा प्रश्न एकेकाला विचारायला वेळच नसतो.

इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावीत शिकणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता. वाचन अगदी खडखडीत, उच्चारही छान. "याला फक्त एसे शिकवा, रीडिंग उत्तम आहे," आई म्हणाली. मी एक पान वाचायला दिलं, पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "आता मला मराठीत सांग, काय झालं गोष्टीत?" मुलगा गप्प. पानातलं एकही वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. ज्याला वाचलेलं सांगता येत नाही, तो लिहिणार काय? त्याच्या एसेचं दुखणं वाचनातच होतं. पहिले तीन महिने आम्ही निबंधाला हातच लावला नाही. रोज एक परिच्छेद वाचायचा आणि पुस्तक मिटून तो मराठीत सांगायचा, एवढंच. मराठीत सांगितलं तर इंग्रजी बिघडेल, ही भीती आयांनी मनातून काढून टाकावी. समजलंय की नाही हे तपासायला घरच्या भाषेइतकी चांगली मोजपट्टी नाही.

'जग' आणि 'जग'

मराठी शाळेतल्या मुलांची अडचण वेगळी. आपल्या लिपीत लिहू तसंच बरंचसं वाचायचं असतं. इंग्रजीत अक्षरं सव्वीस, आवाज चव्वेचाळीसच्या आसपास. मग एकच अक्षर कुठे एक बोलतं, कुठे दुसरं. "टीचर, हे चीटिंग आहे," असं एक चिमुरडी मला म्हणाली होती! तिला मी दोन वाक्यं लिहून दिली. 'सगळं जग झोपलंय' आणि 'पाण्याचा जग भर'. तिनं दोन्ही बरोबर वाचली आणि मग स्वतःच हसली. 'चारा' आणि 'चार' यांतला 'च'ही तसाच. आपल्या भाषेतही हे चालतं, आपण आईच्या मांडीवर ते शिकलो म्हणून कधी जाणवत नाही, एवढंच. इंग्रजीत ते जरा जास्त आहे. हे कळलं की मुलाची भीती निम्मी होते.

पुस्तक निवडताना एक सोपी युक्ती वापरावी. कुठलंही पान उघडून मुलाला वाचायला सांगायचं आणि न समजलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पानभरात पाचही बोटं दुमडली तर पुस्तक सध्या बाजूला ठेवायचं. आठवीतल्या मुलानं तिसरीचं पुस्तक वाचलं तर बिघडत नाही. वर्गात त्याला लाज वाटते, माझ्या टेबलाशी बघायला कोणी नसतं. एकट्यानं शिकण्याचा हा मोठा फायदा आहे. चुकलं तरी हसणारं कोणी नाही.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली एक गाजलेला लेख लिहिला. एकेकट्याला शिकवलेला सर्वसाधारण विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो, असं त्यात मांडलं होतं. पुढच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक सहसा दिसला नाही. पण फायदा होतो, हे त्यांतूनही दिसलं. आणि इतका फायदा प्रत्येक मुलाला परवडेल अशा खर्चात कसा द्यायचा, हा ब्लूम यांचा खरा प्रश्न होता. तो अजून सुटलेला नाही.

पुराचा निबंध

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीनं महापूर पाहिला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, कृष्णा त्या वेळी ५७ फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर काही आठवड्यांनी गावभागातला एक सातवीतला मुलगा शिकवणीला परत आला. शाळेत निबंध दिला होता, 'पूर'. त्यानं वही पुढे केली. 'फ्लड इज अ नॅचरल कॅलॅमिटी. इट कॉजेस ग्रेट लॉस ऑफ लाइफ अँड प्रॉपर्टी.' सगळं गाइडमधलं. एकही स्पेलिंग चुकलेलं नाही.

मी विचारलं, "कॅलॅमिटी म्हणजे काय रे?"

"माहीत नाही. पण शेवटी टी-वाय येतं."

"बरं. तुमच्या घरात पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

"देव्हाऱ्यापर्यंत."

"मग आधी काय उचललंत?"

"आईनं कागदपत्रांची पिशवी आणि मिक्सर. आजीनं देव. मी मांजर."

म्हटलं, हेच लिही. आधी मराठीत लिहिलं, मग एकेक वाक्य इंग्रजीत नेलं. वाक्यं छोटी, चार-पाच शब्दांची. 'माय मदर टुक द मिक्सर. माय ग्रँडमदर टुक द गॉड्स. आय टुक द कॅट.' 'कॅट' तर त्याला पहिलीपासून येत होतं! त्या दिवशी त्यानं बारा वाक्यं लिहिली. शेवटी आपणहून विचारलं, "टीचर, भिंतीवरची ओल अजून गेली नाही, त्याला काय म्हणतात?" गाइडमधला निबंध लिहिणारं मूल असा प्रश्न कधी विचारत नाही. ज्याला काही सांगायचं असतं, तोच शब्द मागतो.

आता तर मोबाइलला विषय सांगितला की तो अर्ध्या मिनिटात निबंध लिहून देतो. गाइडपेक्षा सफाईदार! पण मांजर कोणी उचललं, हे त्याला कुठून कळणार?

लाल शाई जरा जपून

वही तपासताना सगळ्या चुका लाल करायच्या नाहीत. लालभडक पान बघून मूल फक्त एवढंच शिकतं, की आपल्याला येत नाही. मी एका वेळी एकाच प्रकारची चूक धरते. आमच्या मुलांच्या बऱ्याचशा चुका मुळात मराठीतूनच येतात. आपण 'त्याच्यावर' रागावतो, म्हणून मूल 'अँग्री ऑन हिम' लिहितं. लग्न 'त्याच्याशी' होतं, म्हणून 'मॅरीड विथ'. 'अ' आणि 'द' ही आर्टिकल्स तर आपल्याकडे नाहीतच, म्हणून 'शी इज टीचर'. ही चूक बेपर्वाईची नाही, त्यामागे विचार आहे, हे मुलाला सांगितलं की ते पुढच्या वेळी स्वतःच थांबतं. लिहून झालं की आपलंच वाक्य मोठ्यानं वाचायचं. निम्म्या चुका कानालाच सापडतात.

पोळ्यांची कामं करणाऱ्या एका बाईंची मुलगी अकरावीत असताना माझ्याकडे येऊ लागली. तिला नर्स व्हायचं होतं. मराठी माध्यमातल्या मुली पहिल्याच वर्षी कोर्स सोडून येतात, कारण पुस्तकं इंग्रजीत असतात, असं तिनं ऐकलं होतं. तिच्या आईनं दोन घरांची कामं वाढवली होती. फी सोडते म्हटलं तर बाई म्हणाल्या, "नको ताई, अर्धी घ्या. फुकटचं असलं की ती दांड्या मारेल."

तिच्या घरी मधुमेहाची आजी होती, पायाला जखम. मी म्हटलं, रोज आजीबद्दल पाच वाक्यं लिहून आण. आज जखम कशी आहे, आजीनं काय खाल्लं, ताप होता का? पहिल्या आठवड्यात 'टू ग्रँडमदर फीवर केम' असलं काही यायचं. 'आजीला ताप आला'चं ते शब्दशः रूप होतं. हळूहळू 'शी हॅज अ फीवर' आलं. वर्षभरात अशा दोन वह्या भरल्या. त्यातला एकही विषय परीक्षेच्या यादीत नव्हता. बारावीनंतर तिला प्रवेश मिळाला, पहिलं वर्ष जड गेलं, पण ती टिकली. आज ती मिरजेच्या एका रुग्णालयात नोकरी करते. मागे भेटली तेव्हा म्हणाली, "टीचर, रात्रपाळीला पेशंटच्या नोंदी लिहिते ना, त्या अगदी आजीच्या वहीसारख्याच असतात."

आयांनो, तुमच्यासाठी

गौरी शिंदेंचा 'इंग्लिश विंग्लिश' २०१२ मध्ये आला, तेव्हा माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायका तो बघून रडल्या. पालकसभेत मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या आया मी रोज बघते. मुलाला सोडायला येतात आणि दाराशीच थांबतात. "आम्हाला काय कळतंय इंग्रजीतलं," म्हणतात. त्यांना मी आत बोलावते, कारण घरची शिकवणी त्यांच्याच हातात असते.

इंग्रजी न येणाऱ्या आईलाही तीन गोष्टी सहज करता येतात. रोज दहा मिनिटं मुलाला मोठ्यानं वाचायला लावावं आणि "आता मला मराठीत सांग," म्हणावं. आपल्याला खरंच समजलेलं नसतं, त्यामुळे मूल मन लावून समजावतं! दुसरं, दिवसभरात घडलेल्या एखाद्या गोष्टीवर तीन वाक्यं लिहायला सांगावीत. चुकली तरी चालतील, पण त्याची स्वतःची हवीत. आणि तिसरं, शेजारच्या मुलीशी तुलना नको. एकेकट्याला शिकवण्यातून जे मिळतं, ते या तुलनेत पहिल्याच झटक्यात हरवतं.

सध्या माझ्याकडे येणाऱ्या चौथीतल्या एका मुलीची आई तिच्याबरोबर वाचायला बसते. पहिल्या दिवशी म्हणाली, "मी नुसती ऐकते हं." गेल्या आठवड्यात लेक एका शब्दाला अडली. मी काही बोलायच्या आत आईनं हळूच तो वाचला. लेकीनं वळून आईकडे असं काही पाहिलं, की त्या दिवशीचा धडा तिथेच संपवला मी. आता पुढच्या महिन्यापासून आईची वेगळी वही करायची आहे.