सियालकोटचा चेंडू आणि शिवणाऱ्या हातांची मजुरी

फुटबॉल पायाने खेळतात, पण तो बनतो हाताने, आणि ते हात कोणाचे याची चौकशी जगाने फार उशिरा केली. हाताने शिवलेल्या चेंडूत ३२ तुकडे असतात, २० षटकोनी आणि १२ पंचकोनी. दोन सुया, मेण लावलेला दोरा आणि गुडघ्यांत धरलेला लाकडी चिमटा एवढीच अवजारे. साडेसहाशेच्या आसपास टाके पडले की एक चेंडू पुरा होतो. सराईत कारागीरही दिवसाकाठी तीन-चार चेंडूंच्या पलीकडे जात नाही.

हा धंदा पाकिस्तानी पंजाबातील सियालकोटचा. १९९०च्या दशकात जगातील हातशिलाईच्या चेंडूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश एकट्या या शहरातून आणि आसपासच्या खेड्यांतून जात असत. १९४७ साली तिथले काही कारागीर आणि व्यापारी जालंधरला आले, म्हणून आपल्याकडे जालंधर आणि मीरत ही या मालाची केंद्रे झाली. सियालकोटचा व्यापारी मोठा हिकमती. सरकारची वाट न पाहता तिथल्या व्यापाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने विमानतळ उभारला आणि २००७ साली तो सुरूही केला. अशा शहराचे नाव जगभर बदनाम झाले ते मजुरीच्या प्रश्नावरून, आणि ते कसे झाले हे घरोघरी काम वाटणाऱ्या आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

कारखान्यात तुकडे कापले जात, त्यांवर कंपनीची छपाई होई. मग ठेकेदार ते पिशव्यांत भरून खेड्यांत वाटत असे. शिलाई घरोघरी चाले आणि पैसे चेंडूमागे मिळत. ठेकेदार आपली दलाली मधेच कापून घेई. घरात बाप शिवी, आई शिवी आणि हात पुरेनासे झाले की मुलेही बसत. कारखानदाराच्या वहीत मात्र फक्त ठेकेदाराचे नाव. चेंडू नेमका कोणी शिवला हे त्याला ठाऊक नसे, आणि खरे सांगायचे तर ठाऊक नसणेच त्याच्या सोयीचे होते. परदेशी कंपनीची सोय तर त्याहून मोठी.

जून १९९६ मध्ये अमेरिकेतील ‘लाइफ’ मासिकात शिलाई करणाऱ्या मुलांवर लेख आला आणि तिकडे एकच गहजब झाला. पाच ते चौदा वर्षांची सुमारे सात हजार मुले या कामात असल्याचा अंदाज पुढे आला. बहिष्काराची भाषा सुरू झाली. १४ फेब्रुवारी १९९७ रोजी अमेरिकेत अटलांटा येथे सियालकोटचे चेंबर ऑफ कॉमर्स, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. शिलाई घरातून काढून नोंदणी केलेल्या केंद्रांत आणायची, तिथे तपासनीस येतील आणि कामावरून सुटलेल्या मुलांच्या शिक्षणाची सोय होईल, असे ठरले. यासाठी कारखानदारांना दीड वर्षाची मुदत होती.

मुले कामावरून बऱ्याच अंशी सुटली, हे करार करणाऱ्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. पण दुसरी बाजू वर्तमानपत्रांतून फारशी आली नाही. घरात बसून शिवणाऱ्या हजारो बायका होत्या. घरकाम, तान्ही मुले, पडदा आणि गावातून जाण्या-येण्याची अडचण यांमुळे त्यांतल्या अनेकींना केंद्रावर जाणे जमेना. त्यांचे काम गेले. मूल शाळेत बसले, पण त्याची फी आणि घरचे पीठ ज्या मजुरीतून येत होते ती आईच्या हातून सुटली. कराराचा सगळा भर मुलांना हटवण्यावर होता. चेंडूमागे किती पैसे द्यायचे, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. बापाची मजुरी पुरेशी असती तर मूल सुई धरायला बसले असते का, हे युरोप-अमेरिकेच्या खरेदीदारांना कोणी विचारले नाही. विचारले असते तर भाव वाढवावा लागला असता!

पुढे बायकांसाठी गावातच लहान केंद्रे निघाली, ही गोष्ट चांगली झाली. २००३ पासून तपासणीचे काम आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडून एका स्वतंत्र स्थानिक संस्थेकडे गेले. तरीही नोव्हेंबर २००६ मध्ये नाइके कंपनीने सागा स्पोर्ट्स या सियालकोटच्या मोठ्या कारखान्याबरोबरचा व्यवहार तोडला. कारण दिले की, परवानगी नसताना माल घरोघरी शिवायला जातो. कारखानदाराची चूक होतीच. पण हजारो मजूर एका फटक्यात उघड्यावर आले आणि त्यांना कोणी विचारून निर्णय घेतला नव्हता. २००७ मध्ये नाइकेने सिल्व्हर स्टार या दुसऱ्या कारखान्याशी करार केला, तो मात्र वेगळ्या अटींवर. शिलाई करणारा नोंदणीकृत कामगार असेल, त्याला तासाप्रमाणे पगार व इतर लाभ मिळतील आणि संघटना करण्याचा हक्क राहील. दहा वर्षांपूर्वीच या अटी आल्या असत्या तर बरेच काही टळले असते, असे आमचे मत आहे.

खरेदीदाराने मनावर घेतले तर काय होते, त्याचा नमुनाही याच शहरात आहे. गेपा या जर्मन संस्थेने १९९०च्या दशकाअखेरीस टॅलन या कारखान्याबरोबर रास्त व्यापाराचे चेंडू सुरू केले. शिवणाऱ्याला जास्त मजुरी आणि चेंडूमागे वेगळी रक्कम, जिच्यातून औषधपाणी व लहान कर्जे देता येतील. असा माल एकूण व्यापारात थोडाच, पण हिशेब बसतो हे त्याने दाखवले.

आता हे आपल्याला का सांगायचे? मुंबईत २००५ साली जरीच्या कारखान्यांवर छापे पडले आणि मुलांना बिहारला परत पाठवण्यात आले, हे अनेकांना आठवत असेल. तिथेही सांगाडा तोच. वर बडा व्यापारी, मधे ठेकेदार आणि खाली ज्याचे नाव कुठल्याच वहीत नाही असा कारागीर. आपल्याकडे २०१६च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे सर्वच धंद्यांत गुन्हा आहे. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करण्याची मोकळीक आहे, पण तीही धोक्याच्या कामाला नाही. भिवंडी, मालेगाव, धारावीतून परदेशी मालाचे काम घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांकडे मजुरांचे हक्क पाळले जातात का, हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने आली. तिकडची जबाबदारी इकडे येते ती चौकशीच्या रूपाने.

तेव्हा काम वाटणाऱ्याने घरी बसून काम करणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव, दिलेला माल, ठरलेला दर आणि दिलेले पैसे यांची वही ठेवावी, आणि तिच्याकडेही एक चिठ्ठी असावी. ठेकेदार मधे असेल तर तो किती कापतो हे विचारावे. खरेदीदार दाखला मागेल तेव्हा त्याच बैठकीत भावाचीही गोष्ट काढावी. दाखल्याचा खर्च आपला आणि भाव जुनाच, हे चालू देऊ नये. एकट्याने हे बोलणे अवघड जाते. सियालकोटचे व्यापारी चेंबरच्या नावाने बोलले म्हणून त्यांना टेबलावर जागा मिळाली. शिवणाऱ्यांची संघटना तिथे नव्हती, म्हणून दराचा विषय निघाला नाही.

घरी बसून काम करणाऱ्यांना इतर मजुरांसारखीच वागणूक मिळावी, असा ठराव आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ सालीच केला होता, ‘लाइफ’मधला लेख आला त्याच वर्षी. पाकिस्तानातील सिंध प्रांताने अशा मजुरांसाठी कायदा केला तो २०१८ मध्ये. तोवर विश्वचषकाचे चेंडू सुईदोऱ्याने नव्हे तर उष्णतेने तुकडे चिकटवून बनू लागले होते. २०१४च्या विश्वचषकाचा चेंडू सियालकोटच्याच एका कारखान्यात तयार झाला आणि तिथे पट्ट्यावर काम करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या.