भूमीची कुजबूज

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेस झालेला भूकंप सातारा-सांगलीकडील घरांतून अद्याप विसरला गेलेला नाहीं. आज या मुलुखांत भूकंपमापक यंत्रें जागोजाग आहेत. परंतु यंत्र बसविलें म्हणजे काम संपलें, असें नव्हे. भूमि कधींच निःशब्द नसते. समुद्राच्या लाटांचें मंद स्पंदन सह्याद्रि ओलांडून येतें. त्याच्या एकेका आंदोलनास ५ ते १० सेकंद लागतात. वारा, पाऊस, मोटारी व पाण्याचे पंप यांची थरथर त्याहून जलद. ही नित्याची कुजबूज आधीं रात्रंदिवस मोजावी लागते. कारण जो धक्का तिच्याहून क्षीण, तो यंत्रास असून नसल्यासारखाच.

क्षीण धक्क्यांची मातबरी ती काय, असें कोणी म्हणेल. परंतु मोठे भूकंप विरळा, लहान धक्के अनेक. भूमीच्या पोटांतील भेग कोठें व किती खोल, हें त्यांवरूनच उमगतें. म्हणून शास्त्रज्ञांनीं कोयना-वारणा प्रदेशांत काळ्या पाषाणाचे थर भेदून कांहीं यंत्रें सुमारें १००० ते १५०० मीटर खोल उतरविलीं. तेथें वरचा गलबला पुष्कळ मंदावतो. २०२० सालच्या टाळेबंदींत माणसें घरीं बसलीं, तेव्हां जगांतील अनेक यंत्रांवरील मानवी गोंगाट निम्म्यापर्यंत उतरला होता.

भूकंप केव्हां होईल, हें अद्याप कोणी सांगूं शकत नाहीं. परंतु भूमीचें बोलणें ऐकूं यावें, एवढें आपल्या हातीं आहे. ज्यांच्या गांवीं असें केंद्र असेल, त्यांनीं त्याच्या भिंतीलगत पंप वा गिरणी बसवूं नये, एवढीच आमची विनंती.