स्वस्त श्रम आणि निर्यातक्षम गुणवत्ता : रत्नागिरीच्या सुरिमी उद्योगाच्या संदर्भात

श्रमप्रधान उत्पादन कमी वेतनाच्या देशांकडे सोपविणे, हे जागतिकीकरणाचे एक ठळक वैशिष्ट्य होय. परंतु स्वस्त श्रमाबरोबर गुणवत्ता आपोआप येत नाही. मूळ जपानी असलेल्या सुरिमीचे उत्पादन रत्नागिरीत गद्रे मरीन या कंपनीने १९९४ मध्ये सुरू केले. राणी माशासारख्या माशांचे मांस काटे व कातडी काढून थंड पाण्याने धुतात आणि साखर, सॉर्बिटॉल मिसळून गोठवितात. त्याची प्रत मुख्यत्वे जेलच्या ताकदीवरून ठरते. मासा उबेत राहिल्यास ही ताकद देणारी प्रथिने निकामी होतात व कोणतेही यंत्र ती पूर्ववत करू शकत नाही. म्हणजेच गुणवत्ता प्रथम ट्रॉलरवरील बर्फात ठरते. आणि तेथील खलाशी कारखान्याच्या शिस्तीखाली नसतो.

१९९७ मध्ये युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मत्स्योत्पादनांची आयात रोखली. बंदी देशावर असल्याने नियम पाळणारा उत्पादकही तिच्या कक्षेत आला. त्याच वर्षी अमेरिकेने हॅसेप पद्धती बंधनकारक केली.

तात्पर्य, माशाचा भाव केवळ वजनावर न ठरता ताजेपणावरही ठरला, तरच बर्फावरील खर्च खलाशाला परवडेल. अन्यथा वेतनात वाचलेला पैसा नाकारलेल्या मालात जाईल.