आधी लायसन्स, मग निकाह

अप्पर हटमध्ये आमच्या शेजारी रत्नागिरीकडचं एक कोकणी मुसलमान कुटुंब राहतं. भाभींच्या आणि माझ्या गप्पा कुंपणावरूनच चालतात. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं. भारतातून येणाऱ्यांची तिकिटं झाली, जेवणाची ऑर्डर गेली. निकाहला आठवडा उरला असताना मी सहज विचारलं, "भाभी, लायसन्स काढलंत ना?"

"कसलं लायसन्स? निकाह होऊ दे, मग रजिस्टर करू."

त्यांचंही बरोबर होतं. महाराष्ट्रात निकाह आधी होतो, काझीसाहेब निकाहनामा देतात आणि १९९८च्या कायद्याखालची नोंदणी त्यानंतर करतात. न्यूझीलंडमध्ये क्रम उलटा. इथल्या १९५५च्या कायद्यानुसार आधी रजिस्ट्रारकडे नोटीस द्यायची. त्यात लग्नाचं ठिकाण आणि लग्न लावणाऱ्याचं नावही लिहायचं. मग किमान तीन दिवस थांबायचं. मिळालेलं लायसन्स तीन महिने चालतं. लग्न लावणारे इमामही सरकारी यादीतले नोंदणीकृत 'सेलिब्रंट' हवेत. लायसन्सशिवाय लावलेला निकाह धर्माने निकाहच, पण सरकारदरबारी ते लग्न नव्हे. मॅरेज सर्टिफिकेट मिळत नाही आणि पुढे नवऱ्याचं काही बरंवाईट झालं किंवा बिनसलं, तर बायकोला आधी नातंच सिद्ध करत बसावं लागतं.

त्याच संध्याकाळी आम्ही फॉर्म भरायला बसलो. नशिबाने इमामसाहेब यादीत होते आणि लायसन्स दोन दिवस आधी हातात पडलं.

निकाहच्या दिवशी अरबी खुतबा झाला, मेहर ठरली, कबूल झालं. मग कायद्यासाठी दोघांना समोरासमोर उभं केलं. मुलीने स्वतःचं आणि मुलाचं नाव घेऊन, त्याला कायदेशीर पती म्हणून स्वीकारते, असं स्वच्छ आवाजात सांगितलं. मुलानेही तसंच सांगितलं. सरकारी कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यातली एक माझी.

भाभींचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "ताई, माझ्या वेळी मी आतल्या खोलीत होते. वकील न् गवाह विचारायला आले, मी नुसती मान हलवली."

तुमच्या घरी इथे लग्न निघालं असेल तर हॉलच्या आधी लायसन्सचं बघा. लग्नानंतर सर्टिफिकेट वेगळं मागवावं लागतं. भारतात दाखवायचं असेल तर त्यावर अपोस्टिल करून घ्या. आणि निकाहनामाही जपून ठेवा, मेहर त्यातच लिहिलेली असते.